दोन्ही डब्यांत बर्फ

मीरा-भाईंदरला पाच दिवस जाऊन आलो म्हटलं, की साताऱ्यातली माणसं आधी माझ्याकडे आणि मग माझ्या बायकोकडे बघतात आणि विचारतात, "तिथं बघायला काय आहे?" आहे की. खाडी आहे, समुद्र आहे, चौक गावात किल्ल्याची तटबंदी आहे, बांबूंवर वाळत घातलेल्या बोंबलांच्या माळा आहेत. आणि या सगळ्याकडे पाठ करून, मांडीवरच्या कागदावर फुल्या मारत बसलेला मी होतो. हे शेवटचं प्रेक्षणीय स्थळ आता तिथं नाही, बाकीची अजून बघता येतील.

मी रक्त-लघवी तपासणाऱ्या एका कंपनीचा चौकशी अधिकारी आहे. चौकशी विभाग म्हणजे मी, एक कपाट, आणि त्या कपाटाची हरवलेली किल्ली. शिक्षणाने मी वाणिज्य शाखेचा, बढती मिळून भांडारातून इकडे आलो. रक्ताबद्दल मला एवढंच कळतं, की ते काढलं की दुखतं. दोन वर्षांपूर्वी आमच्या एका शाखेतून सेंट्रीफ्यूज, म्हणजे रक्त गरागरा फिरवायचं यंत्र, नाहीसं झालं. मी तिथल्या शिपायाला चोर ठरवून मोकळा झालो. यंत्र दुरुस्तीला गेलं होतं. पाठवणीच्या कागदावर सही माझीच होती.

त्यानंतर कंपनीने मला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. एअर कंडिशनिंगमध्ये कोट घालून उभ्या असलेल्या गृहस्थांनी सांगितलं, की माणसाचं मन पहिल्याच संशयाला चिकटतं आणि मग त्याच्या बाजूचेच पुरावे वेचत बसतं. हे ऐकून मला फार बरं वाटलं, म्हणजे दोष माझा नव्हता, मनाचा होता. उपाय तीन. पहिला तक्ता: जेवढ्या शक्यता तेवढे उभे रकाने, जेवढे पुरावे तेवढ्या आडव्या ओळी. पुरावा शक्यतेशी जुळला तर बरोबरची खूण, नाही जुळला तर फुली. ज्या रकान्यात सगळ्यांत कमी फुल्या, तो खरा. दुसरा उपाय, कुणाला तरी मुद्दाम आपल्या विरुद्ध बोलायला बसवायचं. तिसरा, समोरच्याच्या कहाण्या ऐकायच्या नाहीत, कारण कहाणीने मन झुकतं. आधी लिहून ठेवलेले प्रश्न विचारायचे आणि तेवढीच उत्तरं घ्यायची.

मी तिन्ही उपाय वहीत उतरवून खाली दोन रेघा मारल्या आणि भाईंदरचं प्रकरण येताच पहिली बॅग ती वही ठेवून भरली. दुसऱ्या पिशवीत कंदी पेढ्यांचे दोन डबे होते.

इंद्रलोक, भाईंदर पूर्व

आमची शाखा इंद्रलोकात आहे. नाव ऐकून मी अप्सरांची अपेक्षा केली नव्हती, पण निदान एखादं मोकळं मैदान असेल असं वाटलं होतं. इमारतीला इमारत लागून, खाली फरसाणवाला, शेजारी मोबाइलवाला, वर क्लास, त्याच्या वर आम्ही. साताऱ्यात दुकानात शिरलं की दुकानदार आधी "कुठले तुम्ही?" विचारतो आणि मग वस्तू दाखवतो. इथे मी मराठीत पाणी मागितलं, दुकानदाराने हिंदीत दिलं, आणि त्याची बायको आतून गुजरातीत काहीतरी म्हणाली. सुटे पैसे परत मिळाले, म्हणजे सगळं समजलं होतं.

शाखेचे व्यवस्थापक जिग्नेशभाई. माणूस गोड, आणि घाईत. त्यांनी ढोकळा पुढे केला आणि प्रकरण निकालात काढलं.

"साहेब, एकदम सिंपल मॅटर आहे. बाईला काढायचं. तीन दिवस कशाला खराब करताय?"

प्रकरण असं. उत्तनच्या पलीकडे चौक हे कोळीवाड्याचं गाव. तिथून आठवड्यात दोनदा आमची एक बाई घरोघर जाऊन रक्त घेऊन येते. गेले दोन महिने चौकच्या सॅम्पलमध्ये पोटॅशियम भलतंच जास्त येत होतं. ते खरोखर तेवढं असलं तर हृदय बंद पडू शकतं. पास्कू नावाच्या एका आजोबांना त्या आकड्यावरून धावत-पळत इस्पितळात नेलं. तिथे पुन्हा तपासलं तर सगळं ठीक. घरच्यांनी कंपनीला तक्रार ठोकली, आणि कंपनीने मला.

ती रक्त गोळा करणारी बाई म्हणजे सुनीता वाघमारे. माहेर-सासर दोन्ही नांदेडकडचं, आता इंद्रलोकातच मागच्या इमारतीत राहणारी, आठ वर्षांची नोकरी. गुरुवारी पाच वाजेपर्यंत मी अहवाल द्यायचा, आणि त्यावर तिची नोकरी राहायची की जायची ते ठरायचं. दुसऱ्या कुठल्या लॅबने तिला नंतर दारात उभं केलं नसतं. रक्तात घोळ करणारी म्हणून शिक्का बसला की बसला.

त्या संध्याकाळी, सुनीताताईंना अजून भेटायच्याही आधी, मी लॉजच्या खाटेवर पट्टी घेऊन तक्ता आखला. शाईच्या पेनने, कारण बॉलपेनने रकाने सरळ येत नाहीत. चार शक्यता: एक, बाई गावात जातच नाही, घरी बसून सॅम्पल बनवते. दोन, नावांच्या चिठ्ठ्या अदलाबदल होतात. तीन, रक्त काढताना बाई निष्काळजीपणा करते. चार, मशीन बिघडलंय. तक्ता इतका देखणा झाला, की मी त्याचा फोटो काढून बायकोला पाठवला. तिचं उत्तर आलं, "जेवलात का?"

चौक

मंगळवारी एकटाच चौकला निघालो. इंद्रलोकातून भाईंदर पश्चिमेला जायचं म्हणजे रुळांच्या या बाजूकडून त्या बाजूला जायचं, आणि त्याला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात मी साताऱ्याहून वाईला पोचतो. पश्चिमेला बस मिळाली. इमारती संपल्या, मिठागरं लागली, मग एकदम झाडं, क्रूस, कौलारू घरं आणि वास. वासाबद्दल साताऱ्याच्या माणसाने फार बोलू नये. बसमधल्या बाकी कुणालाही तो येत नव्हता.

पास्कू आजोबांचं घर शेवटच्या थांब्याजवळ. मागे समुद्र, अंगणात बोंबील. त्यांची सून फिलू, पन्नाशीची, जाड आवाजाची, सगळं गाव तिला फिलूमावशी म्हणतं, मीही म्हणू लागलो. आजोबा खाटेवर बसले होते आणि जगावर रुसले होते. इस्पितळाने ठीक म्हटलं तरी कुणाचं खरं मानायचं, या भीतीने मावशीने त्यांचं नारळ, केळं आणि सुकी मासळी महिनाभर बंद केली होती. कोळ्याच्या घरात नारळाशिवाय कालवण. आजोबांनी मला ताटलीतलं ते लालसर पाणी दाखवलं.

मी माझे प्रश्न काढले. बाई येते का? येते. वेळेवर? वेळेवर. सुई नवी? नवी. मावशी मध्येच म्हणाली, की सुनीता पोर चांगली हाय, मागच्या वेळेला तं... मी तिला हात वर करून थांबवलं. कहाणी सुरू होत होती. कहाणीने मन झुकतं.

पहिला रकाना मात्र पडला, बाई येत होती. मी समाधानाने फुली मारली.

मला जेवायला बसवलं. आमच्याकडे पाहुण्याला आग्रह करतात म्हणजे वाढायच्या आधी तीन वेळा विचारतात. इथे विचारत नाहीत, वाढतात. बांगडा संपला की दुसरा येतो, आणि तुम्ही नाही म्हणेपर्यंत तो अर्धा खाल्लेला असतो. उठताना मी पेढ्यांचा एक डबा आजोबांना दिला. दुसरा भाईंदरच्या लॅबमधल्या डॉक्टरबाईंसाठी म्हणून पिशवीतच ठेवला. बस उन्हात उभी होती. मी चढणार एवढ्यात मावशी घमेल्यासारखं काहीतरी घेऊन मागून आली, पिशवी ओढली, पेढ्यांचा डबा उघडला आणि दोन ओंजळी बर्फाचा चुरा त्यावर ओतला.

"अहो मावशी, पेढे आहेत ते!"

"दुधाचं हाय ना? उनात नासंल," ती म्हणाली आणि झाकण लावून मोकळी झाली.

चौकात म्हणे अशीच रीत आहे. गावातून नासणारी कुठलीही वस्तू बर्फाशिवाय बाहेर जात नाही. होडीवर बर्फ, टोपलीत बर्फ, लेकीच्या सासरी जाणाऱ्या डब्यात बर्फ. हे मला बसमध्ये शेजारच्या बाईने सांगितलं. मी ऐकत नव्हतो, कारण पेढ्यांचं पाणी माझ्या पँटवर गळत होतं आणि मी वैतागलो होतो. डॉक्टरबाईंना मी खव्याचं सूप भेट दिलं.

पुन्हा इंद्रलोक

त्याच संध्याकाळी सुनीताताई समोर बसल्या. ठेंगणी, नीटनेटकी बाई, डोळ्यांत डोळे घालून कमी बोलणारी. माझ्या मनाने तिथल्या तिथे ठरवलं, की कमी बोलतो तो लपवतो. मनाचा हाच तो दोष, म्हणून मी तो प्रशिक्षणाप्रमाणे कागदावर लिहून काढला, आणि लिहून काढल्यामुळे तो गेला असं समजलो.

"विचारतो तेवढंच सांगा, ताई," मी सुरुवातीलाच बजावलं. "जास्तीचं काही सांगितलंत तर माझ्या मनावर परिणाम होतो."

"बरं सर," त्या म्हणाल्या.

बावीस प्रश्न. डब्याचा नियम काय? त्यांनी पुस्तकातल्यासारखा सांगितला: डब्याला ऊन लागू नये, ट्यूब उभ्या ठेवाव्यात. चौकच्या ट्यूबवर नावांची शाई फुटलेली का असते? "पाणी लागत असेल." मी लिहिलं, 'मोघम उत्तर'. पुढचा प्रश्न विचारला. पाणी कुठलं, हा प्रश्न यादीत नव्हता.

मग विरुद्ध बोलायला कुणाला बसवायचं? मी ते काम लॅबच्या डॉक्टरबाईंवर सोपवलं. बाई हुशार, आणि पेढ्यांमुळे थोड्या रागात. त्या म्हणाल्या, चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली तर एकाचं वाढेल, एकाचं कमी होईल. सगळ्यांचंच कसं वाढेल? दुसरा रकाना पडला. मशीन त्यांनी रोज तपासलं होतं, चौथाही पडला. राहिला तिसरा, निष्काळजीपणा.

"तोही जुळत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "रक्त वाईट काढलं तर पेशी फुटतात आणि यंत्रात फिरवल्यावर वर येणारं पाणी गुलाबी दिसतं. चौकचं एकदम स्वच्छ असतं. शिवाय ही इंद्रलोकातलं रक्तही आणते, ते ठीक येतं. हात तर तोच आहे ना?"

म्हणजे तिसऱ्या रकान्यात दोन ठळक फुल्या. पद्धतीने तिचं काम चोख केलं होतं. कागद मला सांगत होता, की बाबा, तुझे चारही रकाने चुकलेत, पाचवा शोध. पण चारांतले तीन पडले की चौथा खरा, असं माझं शाळेपासूनचं गणित. मी त्या दोन फुल्यांपुढे कंसात लिहिलं, 'पुरावा कमी वजनाचा', आणि गावात गेल्यावर बाई ढिलाई करत असणार, असं स्वतःला समजावलं. पूर्वी मी डोक्यात चुकत होतो. आता पट्टीने रेघा मारून चुकत होतो.

बुधवारी मी त्यांच्याबरोबर चौकला गेलो. प्रत्येक हालचालीवर नजर ठेवायची, आणि शेवटी स्वतःचंही रक्त द्यायचं, ही माझीच अक्कल. माझ्या हातात चोवीस ओळींची यादी होती. हातमोजे, होय. सुई नवी, होय. त्यांचा हात इतका हलका होता, की माझं रक्त काढून झालं तरी मी डोळे मिटून बसलो होतो.

बसथांब्यावर आलो तेव्हा मी घाईत होतो. मावशीने मला घरी न्यायला पापलेटं बांधून दिली होती थर्माकोलच्या डब्यात. शेजारी सुनीताताईंचा रक्ताचा डबा. मी गुडघ्यावर वही ठेवून विसावी ओळ भरत होतो: 'झाकण नीट बसतं का?' आणि ते बघण्यासाठी मी स्वतःच रक्ताच्या डब्याचं झाकण उघडून कोपराखाली धरलं होतं. मावशीने वरून काहीतरी विचारलं. मी मान वर न करता "हो हो" म्हणालो. मग झाकण लावलं, बसलं, 'होय' लिहिलं.

तासभर थांब्यावर, तासाहून जास्त बसमध्ये आणि रूळ ओलांडण्यात. इंद्रलोकात पोचायच्या आधी सुनीताताईंनी रिक्षातच डबा पुसून कोरडा केला. मी ते पाहिलं. 'स्वच्छता: उत्तम', असंही लिहिलं.

गुरुवार, आणि वरसावे

सकाळी डॉक्टरबाईंनी मला केबिनमध्ये बोलावलं. माझ्या पोटॅशियमचा आकडा समोर ठेवला.

"या आकड्याची माणसं चालत येत नाहीत," त्या म्हणाल्या. "तुम्हाला काही होतंय का?"

मला भूक लागली होती. त्यांनी लगेच तिथेच पुन्हा रक्त काढून तपासलं, आकडा अगदी सामान्य. झालं. याहून मोठा पुरावा कुठला? सुनीताताईंनी काढलं तर मेलेला माणूस, डॉक्टरबाईंनी काढलं तर जिवंत. डॉक्टरबाई म्हणत होत्या, थांबा, वाटेत काहीतरी होतंय. पण वाटेत तर मी स्वतः होतो, चोवीस ओळींसकट. मी सेवा संपवण्याची शिफारस लिहिली, जिग्नेशभाईंना दिली, पाच वाजता मुख्य कार्यालयाला पाठवा म्हणालो, लॉजच्या फ्रीजमधून पापलेटं घेतली आणि रिक्षात बसलो. ठाण्याहून साताऱ्याची एसटी होती.

घोडबंदर रस्त्याला वरसाव्यात पुलाच्या अलीकडे सगळं थांबलं. पुढे ट्रक, मागे ट्रक, वर ऊन. रिक्षावाल्याने इंजिन बंद करून तंबाखू मळायला घेतली, म्हणजे मुक्काम लांबणार होता. मी मूळ तक्ता काढला, शेवटचा बघावा म्हणून. माणूस स्वतःचं हस्ताक्षर बघतो तसा बघत होतो. पापलेटांचा डबा मांडीवर. लॉजवाल्याने त्यात नवा बर्फ घातला होता आणि तो वितळत होता. एक धार तक्त्यावर आली. 'निष्काळजीपणा' या शब्दाची शाई फुटली आणि कडांना निळी जाळी पसरली.

ही निळी जाळी मी पाहिली होती. चौकच्या प्रत्येक ट्यूबवर.

आणि मग मावशीचा प्रश्न कानात आला. तो ऐकू आला होता, फक्त लक्षात घ्यायचा राहिला होता. ती म्हणाली होती, "दोनी डब्यात घालू ना, सायेब?"

हो हो, म्हणालो होतो मी. झाकण मीच धरलं होतं.

डॉक्टरबाईंना फोन लावला आणि विचारलं, की रक्त बर्फात ठेवलं तर? त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, की पेशींपासून वरचं पाणी वेगळं करायच्या आधी रक्त गार पडलं, की पेशी न फुटताच पोटॅशियम बाहेर झिरपतं. वरचं पाणी स्वच्छच दिसतं. "डबा कोरडा यायचा हो," त्या म्हणाल्या. "नाहीतर मी पहिल्याच दिवशी विचारलं असतं."

जिग्नेशभाईंना लावला.

"साहेब, टेन्शन नको. पाच कशाला, मी तीनलाच मेल करून टाकला. बाईला पण सांगून टाकलं."

मी रिक्षा मागे वळवा म्हणालो. रिक्षावाल्याने दोन्ही ट्रककडे बघितलं आणि मग माझ्याकडे, जसं वेड्याकडे बघतात. शेवटी मी पापलेटं डोक्यावर घेऊन चालत उलट्या बाजूला गेलो आणि दुसरी रिक्षा केली.

इंद्रलोक, तिसऱ्यांदा

सुनीताताई शाखेतच होत्या. टेबलावर डबा, घडी घातलेला पांढरा कोट, आणि ओळखपत्र. सही करून सगळं परत देणं चाललं होतं. मी दारातच धापा टाकत विचारलं, "ताई, डब्यात बर्फ?"

"हो. फिलूमावशी घालतात. उन्हाळा लागल्यापासून," त्या म्हणाल्या. "रक्त खराब होऊ नये म्हणून. मला वाटलं, चांगलंच आहे."

"मग मला सांगितलं का नाही?"

त्यांनी कोटाची घडी सारखी केली. "तुम्ही म्हणालात, विचारतो तेवढंच सांगा. आणि काल तुम्हीच म्हणालात ना सर, दोन्हीत घाला."

जिग्नेशभाई ढोकळ्याचं ताट घेऊन आले होते, ते तसेच वळून परत गेले.

शुक्रवारी सकाळी खातरजमा करायची होती. एकाच वेळी काढलेलं रक्त दोन ट्यूबमध्ये, एक टेबलावर, एक बर्फात, तीन तास. हात माझाच हवा, त्याबद्दल कुणाचंही दुमत नव्हतं. मी सुनीताताईंनाच काढा म्हणालो.

"मी?" त्या म्हणाल्या. "तिसरा रकाना माझाच आहे ना?"

मी बाही वर केली. दोन्ही कोपरांवर निळे डाग होते, गुरुवारी मी घाबरून हात हलवल्यामुळे डॉक्टरबाईंना दोनदा टोचावं लागलं होतं. त्यांनी जागा शोधली. "हात सैल सोडा सर. मी काही लिहून घेत नाहीये."

दुपारी आकडे आले. टेबलावरचा मी जिवंत होतो. बर्फातला मी गेलो होतो.

मी पहिला अहवाल रद्द करून नवा लिहायला बसलो तर सुनीताताई म्हणाल्या, रद्द नको. रद्द केलेला कागद कुणीतरी कधीतरी काढतो आणि काय होतं त्यात म्हणून विचारतो. तो तसाच राहू दे. त्याच्या खाली तुमच्या अक्षरात लिहा, की हे मी चुकीचं लिहिलं, का चुकीचं ते लिहा, आणि सही करा. मी लिहिलं. सेंट्रीफ्यूजच्या शिपायाची आठवण झाली. त्याच्या कागदाखाली मी असं काही लिहिलं नव्हतं, नुसतं प्रकरण बंद केलं होतं. साताऱ्याला परत आल्यावर पहिलं काम ते केलं.

"आणि गावात कोण सांगणार?" त्या म्हणाल्या. "तिथं मी म्हणजे पास्कू आजोबांना इस्पितळात घालणारी. मला आता दारं उशिरा उघडतात."

पुन्हा चौक

त्याच दुपारच्या बसने आम्ही दोघं निघालो. वाटेत मुख्य कार्यालयाचा फोन आला. नोकरी कायम, हे त्यांनी एका वाक्यात सांगितलं. मग पुढची दहा मिनिटं ते खूश होते. तक्त्याला पाचवा रकाना जोडून पाठवा म्हणाले, पद्धतीचं यश म्हणून इतर शाखांना दाखवू, आणि पुढच्या प्रशिक्षणात दोन तास मीच बोलावं. मी सांगायचा प्रयत्न केला, की तक्त्याने मंगळवारीच दोन फुल्या दाखवल्या होत्या, त्या मी कंसात घालून मारल्या. शिवाय जे उत्तर हवं होतं, ते बोलणारं तोंड मी तिसरा उपाय वापरून स्वतःच बंद केलं होतं. ते म्हणाले, हो हो, तेही एका स्लाइडवर टाका.

पद्धत वाईट नाही, हे मला आजही वाटतं. माझ्या मनापेक्षा तो कागद प्रामाणिक होता. पण रकाने आखणारा हात, फुलीचं वजन ठरवणारा हात आणि झाकण धरणारा हात एकाच माणसाचा असला, की काय करायचं, हे कोटवाल्या गृहस्थांनी सांगितलं नव्हतं.

पण खरा पेच पुढेच होता. सुनीताताईंना सोडवायचं म्हणजे फिलूमावशीला सांगायचं, की तुझ्या मायेच्या बर्फाने तुझा सासरा इस्पितळात गेला. मी बसमध्ये चार वाक्यं तयार केली. अंगणात पोचल्यावर एकही आठवलं नाही. मी कुठून तरी सुरू केलं, पेशी, पोटॅशियम, झिरपणं. मावशी बोंबील उलटे करत ऐकत होती. शेवटी मी म्हणालो, की चूक सुनीताताईंची नाही, चूक माझीसुद्धा, झाकण मीच धरलं होतं.

मावशीचे हात थांबले.

"म्हंजे मीच केला," ती म्हणाली.

सुनीताताई पुढे झाल्या, तिच्या हातातला बोंबील घेऊन बांबूवर टाकला आणि म्हणाल्या, "मावशी, मला तरी कुठं माहीत होतं? आठ वर्षं हेच काम करते. मीच डबा पुढे करायची ना."

मावशीने डोळे पदराला पुसले आणि एकदम माझ्यावर आली. "मंग उनात रगात कसा न्यायचा रं? तुमचे हापिसात बसून सांगता."

हा प्रश्न बावीसमध्ये नव्हता, चोवीसमध्येही नव्हता. उत्तर सुनीताताईंनीच दिलं: डब्याला बाहेरून ओलं फडकं गुंडाळायचं, आत बर्फ नाही, आणि बस येईपर्यंत डबा उन्हात न ठेवता मावशीच्या ओसरीवर. मावशीने आतून जुनं लुगडं आणून तिथल्या तिथे फाडलं.

पास्कू आजोबा खाटेवरून सगळं ऐकत होते. त्यांनी काठी जमिनीवर आपटली.

"म्हंजे मना काय झालाच नव्हता?"

"नाही आजोबा," मी म्हणालो. "काहीच नव्हतं."

"मयनाभर नारळ न्हाय दिला मना."

मी मान खाली घातली. मावशीनेही घातली. आजोबांनी आमच्या दोघांच्या डोक्यांवरून अंगणातल्या बांबूंकडे काठी केली.

"तो बोंबील भाज," ते सुनेला म्हणाले. "आन याला पन बसव. रगात जास्त गेलाय याचा."

जेवून, सुनीताताईंनी चार घरचं रक्त घेतल्यावर निघालो तेव्हा बस उभी होती. मावशी बर्फाचं घमेलं घेऊन आली आणि आम्हा दोघांच्या मध्ये थांबली. माझ्या हातात बोंबलाची पुडी होती, सुनीताताईंच्या हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेला डबा. त्यांनी झाकण उघडून माझ्यासमोर धरलं.

"बघून घ्या सर," त्या म्हणाल्या.

मी वही खिशात ठेवली आणि आत वाकून बघितलं. चार ट्यूब होत्या, उभ्या, कोरड्या, नावं स्वच्छ वाचता येत होती. एवढ्यात माझ्या हातातली पुडी ओढली गेली. सुक्या बोंबलाला बर्फ लागत नाही हे मावशीला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं, तरी तिने चिमूटभर घातलाच. कुठंतरी घालायलाच हवा होता तिला. मी पुडी उघडी धरून उभा राहिलो.